मस्टरवर सही आहे, पण बाई वर्गात आहेत का?

चौथीचा वर्ग, चित्रकलेचा तास. एक पोरगी चित्र दाखवायला टेबलाजवळ आली, मी मान वर न करता म्हटलं, "छान, आता रंग भर." ती गेली, दोन मिनिटांनी परत आली, परत मी "छान". तिसऱ्यांदा आली तेव्हा कागद उलटा धरलेला, म्हणजे डोंगर वरून लटकतायत आणि नारळाचं झाड शेंडा खाली करून उभं, तरी मी "छान"च म्हटलं, आणि मग मागच्या रांगेतून जे खिदळणं सुरू झालं ते ऐकून मी वर बघितलं. पैज लावली होती त्यांनी. पोरगी जिंकली, चिंचेच्या दोन गोळ्या.

मी काय करत होते तर शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली "तातडीने, आज १२ च्या आत" वाली माहिती मोबाईलवर भरत होते. मस्टरवर सही माझी होती, खुर्चीत पण मीच होते, पण त्या ३५ मिनिटांत वर्गात मी नव्हते आणि हे २८ पोरांना माझ्या आधी कळलं होतं.

त्या दिवसापासून मी जे काय करून बघितलं, जे जमलं आणि जे फसलं, ते लिहितेय. जिल्हा परिषदेची शाळा, सातारा जिल्हा, तिसरी-चौथी एकत्र. ट्रेनिंगमध्ये आनंददायी शिक्षण आपण सगळ्यांनी इतकं ऐकलंय की शब्दाचा चोथा झालाय, आता तर शनिवारी उपक्रम घ्यायचा तो आनंददायी शनिवार पण आलाय, आणि होतं काय की आनंद म्हणजे अजून एक उपक्रम, त्याचे फोटो, फोटोची लिंक. माझं मत साधं आहे. नवीन उपक्रम शोधायच्या आधी आपण वर्गात हजर राहायला शिकायचं, मग जुनाच उपक्रम पण रंगतो. आणि हजर राहणं ही काही साधुसंतांची गोष्ट नाहीये, त्याची तयारी करता येते, भाजी निवडून ठेवतो तशी.

तर तयारीपासून.

मोबाईल कपाटात. सायलेंटवर टेबलावर ठेवला तर तो चालूच असतो, डोळा जातोच. कपाटात ठेवायचा आणि किल्ली एखाद्या पोराकडे द्यायची, हे पोरांना भयंकर आवडतं, माझ्याकडे "किल्लीमास्तर" रोज बदलतो. माहिती मधल्या सुट्टीत भरायची. एक-दोनदा बोलणी खाल्ली मी त्यावरून, पण आभाळ कोसळलं नाही.

दुसरी गोष्ट सामान. हसू नका, कलेचा निम्मा तास सामानात मरतो. "बाई मला हिरवा नाही", "बाई ह्याने माझा घेतला", आणि आपण न्यायाधीश होऊन बसतो. मी आता पाच-पाच पोरांचा गट करते आणि खिचडीच्या ताटल्या असतात ना, त्यातली एक गटाच्या मध्ये ठेवते, त्यात तेलखडूचे तुकडे. अख्खे खडू ठेवायचेच नाहीत, मोडून, वरचा कागद सोलून ठेवायचे, मग भांडण निम्म्यावर येतं कारण अख्ख्यासाठीच भांडण असतं. कागद म्हणून पाठकोरे, ऑफिसातले जुने फॉर्म वगैरे, आणि ते पण अर्धे फाडून. मोठा कागद दिला की पोरं कोपऱ्यात छोटं काढून बाकी "आभाळ" म्हणून निळं फासत बसतात, अर्ध्या कागदावर जीव लावून काढतात. हे सगळं तास सुरू व्हायच्या आधी मांडून ठेवलं की तासात आपल्याला एकच काम उरतं, बघायचं.

आता हजेरी. परिपाठ झाला, वर्गात आलो, आणि आपण नावं वाचतो, पोरं "हजर बाई" म्हणतात, ना आपण वर बघतो ना ती. मी एवढंच बदललं की "हजर" ऐवजी शाळेत येताना वाटेत काय दिसलं ते एक सांगायचं. एकच, आणि आधी कोणी सांगितलेलं चालणार नाही. २८ पोरं, तीन-चार मिनिटं जातात फार तर. पहिले चार दिवस काय आलं माहितीये? झाड, दुसरं झाड, गाडी, कुत्रा, मोठं झाड. मला वाटलं गेला हा पण उपक्रम. पाचव्या दिवशी एक पोरगा म्हणाला, "बाई, म्हातारीच्या दारातलं जातं पालथं पडलंय." सगळा वर्ग गप्प. मग दुसऱ्या दिवसापासून सगळे वाट बघत बघत यायला लागले, शब्दशः, आणि मला पण रोज काहीतरी सांगावं लागतं त्यामुळे मी पण स्कूटीवर इकडेतिकडे बघत येते (सावकाश चालवते, काळजी नसावी). "काही दिसलं नाही" हे उत्तर पण चालू द्या, दोन दिवस सलग कोणी तसं म्हटलं तर त्या पोराशी मधल्या सुट्टीत जरा बोला, घरी काहीतरी असतं बरेचदा.

यानंतर सगळ्यात अवघड काम. थांबणं.

अमेरिकेत मेरी बड रो म्हणून एक बाई होत्या, विज्ञान शिक्षणातल्या संशोधक. त्यांनी वर्गांची शेकडो रेकॉर्डिंग ऐकली आणि १९७० च्या दशकात मांडलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण १ सेकंद थांबतात, एवढ्यात उत्तर आलं नाही की स्वतः बोलतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तेच ३ सेकंद थांबलं तर पोरांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी पोरं बोलायला लागतात, पोरं स्वतः प्रश्न विचारतात. मी वाचलं तेव्हा म्हटलं, हॅ, ३ सेकंद तर आपण थांबतोच की. मग मोबाईलला एक चांगलं काम दिलं, वर्गात रेकॉर्डिंगला लावला. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकलं. मी एक सेकंद पण थांबत नव्हते हो! प्रश्न पण माझा, उत्तराचं पहिलं अक्षर पण माझंच, पोरं फक्त शेपूट जोडत होती. "पाण्याची होते वा...?" "...फ!" असं.

करायचं कसं तर हात पाठीमागे घ्यायचे आणि बोटं मोजायची, एक, दोन, तीन, सावकाश. पहिल्या आठवड्यात ती शांतता खायला उठते, वाटतं दारातून कोणी बघितलं तर म्हणेल बाईंना पुढचं आठवत नाहीये. मोजत राहा. आणि रो बाईंनी अजून एक जागा दाखवलीये जी मला जास्त उपयोगी पडली, पोराचं उत्तर आल्यावर पण थांबायचं. लगेच "शाब्बास, बरोब्बर" नाही. कारण शाब्बास म्हटलं की विषय संपतो, बाकीचे हात खाली जातात. तीन बोटं मोजली की तेच पोरगं म्हणतं, "...म्हणजे नाही बाई, आमच्या विहिरीत असं नाही होत," आणि खरा तास तिथून सुरू होतो.

आता मुख्य गोष्ट, एक अख्खा तास कसा घेते ते सांगते. चित्रकलेचाच सांगते कारण पाप पण तिथलंच आहे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला म्हणा, चित्र काढ. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून सापासारखी नदी, एक कौलारू घर, एक नारळ, आणि चार कावळे मराठी चार आकड्यासारखे. आमच्या माणदेशी पोरांनी कुणी नारळाचं झाड जन्मात बघितलेलं नसतं, बाभळी बघितल्यात, पण चित्रात नारळ. तुम्ही पण हेच काढलंय आणि मी पण. त्यात वाईट काही नाही, पण ते चित्र डोळ्यांनी काढलेलं नाहीये, हाताला पाठ आहे, पाढ्यासारखं.

तर मी त्यांना चप्पल काढायला लावते. म्हणजे वर्गाबाहेर काढतातच, मी आत आणायला लावते. प्रत्येकाने आपली एक चप्पल आणायची, फक्त डावी (का डावी ते शेवटी सांगते), झटकून, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आपल्यासमोर ठेवायची. पोरांना वाटतं बाईंचं डोकं फिरलं, तिथूनच हसू सुरू होतं, होऊ द्या.

मग खोडरबर जमा. सगळे. डब्यात. हे नाही केलं तर पुढचं काही होत नाही, पोरं पहिली रेघ खोडण्यातच तास घालवतात आणि कागदाला भोक पाडतात.

आधी नुसतं बघायचं, पेन्सिल हातात नाही. चपलेच्या कडेवरून बोट फिरवायचं, न उचलता, टाचेपासून सुरू करून परत टाचेपाशी, अगदी मुंगी चालल्यासारखं हळू. दोनदा. मग पेन्सिल घ्यायची आणि कागदाकडे अजिबात न बघता, डोळे फक्त चपलेवर, तीच मुंगीची वाट कागदावर चालवायची. चोरून बघणारे असतातच, त्यांच्यासाठी पेन्सिलीच्या टोकातून एक जुना कागद घुसवून द्या, हातावर छत्रीसारखा बसतो, खाली दिसत नाही. दोन मिनिटं. एवढा शांत माझा वर्ग फक्त तेव्हा असतो, केंद्रप्रमुख येतात तेव्हा पण नसतो.

मग बघायचं. आणि हसण्याचा स्फोट होतो, कारण कुणाची चप्पल भेंडी झालेली असते, कुणाची महाराष्ट्राचा नकाशा, पट्टा एकीकडे आणि टाच दुसऱ्या तालुक्यात. सगळ्यांचं वाकडं असल्यामुळे कुणाचंच वाकडं राहत नाही, वर्गातलं जे "चित्र चांगली येणारं" एक पोरगं असतं त्याचं पण वाकडं, आणि ज्याला कधी कोणी चित्रकार म्हटलेलं नाही त्याची रेघ बरेचदा सगळ्यात जिवंत. मी पण फळ्यावर पाठ करून... म्हणजे फळ्याकडे न बघता माझी चप्पल काढते, ती सगळ्यात वाईट येते, हे मुद्दाम करावं लागत नाही.

दुसऱ्या फेरीत बघून काढायचं, निवांत १५ मिनिटं. आणि आता बघा काय काय दिसायला लागतं त्यांना. अंगठा तुटून सेफ्टी पिन लावलेली, ती पिन काढतात, तिचं टोक सुद्धा. टाचेची एकच बाजू झिजलेली. तळाला बाभळीचा काटा मोडून बसलेला. एका पोरीने चपलेच्या आत अजून एक छोटी पावलाची रेघ काढली, मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "बाई ही ताईची आहे, माझा पाय इथवरच येतो." ती रेघ मी विसरणार नाही.

इथेच मी एकदा तोंडावर पडले ते पण सांगते. पहिल्यांदा हा तास घेतला तेव्हा एक पोरगा जागेवरून उठलाच नाही. मी म्हटलं, आण की रे चप्पल. "घरी राहिली." ऑगस्ट महिना होता, शाळा जूनमध्ये सुरू झालेली, आणि तो दोन महिने अनवाणी येत होता हे मला तेव्हा, सगळ्या वर्गासमोर त्याला विचारल्यावर कळलं. त्या दिवशी मी माझी चप्पल त्याच्यासमोर ठेवली, त्याने काढली पण छान (हे "छान" बघून म्हणतेय), पण विचारलेलं परत घेता येत नाही. म्हणून आता हा तास घ्यायच्या आधी आठवडाभर दारातल्या चपला मोजते, आणि शंका असेल तर सरळ चप्पल सोडून पान घेते, पिंपळाचं किंवा करंजाचं, किडीने खाल्लेलं असेल तर उत्तम. तुमच्या वर्गातलं तुम्हाला माहीत, कंपासपेटी, डबा, दप्तर असलं काही घेण्याआधी दोनदा विचार करा, वस्तू बोलतात.

चित्र दाखवायला आल्यावर काय म्हणायचं? कारण "छान" बंद केलं की तोंडाला कुलूप लागतं आपल्या. मी एक युक्ती केली, जे दिसतंय तेच म्हणायचं. "इथे रेघ दोनदा ओढलीस." "पट्टा गडद केलास, टाच फिकी." "हे ठिपके कशाचे?" बस. कौतुक नाही, चूक नाही, फक्त बघितलं याची पोचपावती. पोरं यावर जे बोलतात ते "छान"वर कधी बोलत नाहीत. आणि खरंच काही सुचलं नाही तर विचारा, "सुरुवात कुठून केलीस?" याला प्रत्येकाकडे उत्तर असतं.

वर्ग मोठा असेल तर? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० पोरांमागे एक शिक्षक म्हटलंय, प्रत्यक्षात काय ते तुम्ही-आम्ही जाणतो. रोज सगळ्यांकडे नीट बघणं माणसाला शक्य नाही, तसा प्रयत्न केला की कुणाकडेच बघणं होत नाही. मी रोज पाच नावं चिठ्ठीवर लिहून ओढणीला पिन करते, त्या दिवशी ती पाच पोरं मला दिसलीच पाहिजेत, काय लिहितायत, कोणाशी बोलतायत, नखं कशी आहेत. सोमवार ते शनिवार, सहा पंचे तीस. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर पोरांबद्दल ठेवायच्या नोंदी पण यातूनच होतात, वर्षाअखेरी बसून "चित्रे आवडीने काढतो" हे २८ वेळा लिहावं लागत नाही.

हे सगळं मी शोधलेलं नाहीये. आपल्याकडे ही वाट जुनी आहे. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर (गुजरातेतले बालशिक्षणाचे जाणकार) काम करून आल्या, १९४५ ला बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला. तिथली पोरं गुरं राखायला जायची म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. म्हणजे पोरं कुठे आहेत ते आधी बघितलं आणि मग शिकवायला गेल्या. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये शाळा काढली तिचं नावच सृजन आनंद विद्यालय. आणि सामान नाही म्हणणाऱ्यांनी टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं काम बघावं, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती, सगळं फुकट बघायला मिळतं.

चित्रानंतर लिहिणं. त्याच दिवशी, गरम गरम. इथे एक खड्डा आहे, "चपलेचं आत्मवृत्त" असं म्हटलंत की संपलं, "मी एक चप्पल बोलत आहे, माझा जन्म एका कारखान्यात झाला" हे गाईडातलं सुरू, आणि शेवटी चप्पल उकिरड्यावर पडून माणसाला उपदेश करते. मी म्हणते तीनच वाक्यं लिहा, आणि तिन्ही अशी पाहिजेत जी फक्त तुझ्या चपलेबद्दल खरी आहेत, शेजारच्याच्या नाही. शुद्धलेखन आज बघणार नाही. एकाने लिहिलं होतं, "माझी चपल म्हशीने चावली. आई म्हणली म्हशीला चव कळते. मी तीच घालतो." काना मात्रा सोडा, याच्यात मी काय दुरुस्त करू?

अभ्यासक्रमाचं काय, कोणी विचारलं तर? चपलेची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजली, वर्गाची उतरत्या क्रमाने मांडली, गणित झालं. चामडं, रबर, प्लॅस्टिक वेगळं केलं, परिसर अभ्यास झाला. टाचणवहीत (रोजच्या पाठाच्या नियोजनाची वही) अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पोरांना काय यायला हवं ते, लिहायला दोन ओळी पुरतात. यावर जास्त वेळ घालवू नका.

फसतं ते पण सांगते. गोंधळ होतो. पण सगळा आवाज सारखा नसतो, कामाचा आवाज मधमाश्यांसारखा एकसारखा असतो, टवाळीचा आवाज वर-खाली होतो, कान ठेवला की महिन्याभरात फरक कळायला लागतो. पहिला चालू द्यायचा. दुसऱ्याला ओरडण्यापेक्षा मी त्या गटाशेजारी बस्करपट्टीवर जाऊन बसते, काही न बोलता आपला कागद घेऊन काढायला लागते. बहुतेकदा पुरतं. न पुरलं तर ओरडते, माणूसच आहे मी.

एखादं पोरगं काहीच करत नाही. जबरदस्ती करू नका, त्याला सामानवाला करा, फिरून बघता बघता तिसऱ्या तासाला स्वतःच कागद मागतं. नाही मागितला तरी ठीक.

आणि आपलाच दिवस वाईट असतो, रात्री लेकराला ताप, सकाळी एसटी चुकलेली, निवडणुकीच्या ड्युटीचा कागद हातात. अशा दिवशी हसरा चेहरा लावून वर्गात जायचं नाही, पोरांना लगेच कळतं आणि ती घाबरतात. मी सांगून टाकते, "आज बाईंचं डोकं दुखतंय, आज तुम्ही मला काहीतरी शिकवा." एकदा एका पोराने मला गोफण कशी विणायची ते शिकवलं, ४० मिनिटं, मला अजून नीट येत नाही, तो दर आठवड्याला तपासतो.

चित्रं झाल्यावर सुतळीवर लावा, कपड्याच्या चिमट्यांनी, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला, आपल्या नाही. आणि सगळी लावा. निवडक लावली की सगळी मेहनत पाण्यात.

राहिलं ते डाव्या चपलेचं. घंटा व्हायच्या दहा मिनिटं आधी चपला बाहेर जायला हव्यात, एकेका गटाने, आणि उजवीशेजारी डावी बघून. पहिल्या वर्षी मी "कुठलीही एक आणा" म्हटलं होतं, वरून घंटा झाली, सगळी एकदम पळाली, एकाच दुकानातल्या सगळ्या निळ्या-पांढऱ्या स्लीपर. एक पोरगं दोन्ही डाव्या घालून दीड किलोमीटर वस्तीवर चालत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला बघते तर त्याची आजी गेटात उभी, एक चप्पल हातात उंच धरून, प्रतिज्ञा संपायची वाट बघत.